बंधाऱ्याला माणूस नाही, म्हणून पालखी नाही? मुंबई मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
ग्रामस्थ मंडळ, मुंबई शाखा

सप्रेम नमस्कार.

गौरीविसर्जनानंतर देवळात झालेल्या सभेचं इतिवृत्त गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर आलं. ठराव क्रमांक चार असा आहे: यंदाच्या वनराई बंधाऱ्याला ज्या घरातून माणूस येणार नाही त्या घराला एक हजार रुपये दंड, आणि दंड न भरल्यास शिमग्याला त्या घरी ग्रामदेवतेची पालखी थांबणार नाही. खाली लिहिलंय, सर्वानुमते मंजूर. त्या सभेत मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो आणि तोंड उघडलं नाही, त्यामुळे 'सर्वानुमते'मध्ये मीही आलो. म्हणून आता लिहितो, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो. असे ठराव करणारं आपलं एकच मंडळ या किनाऱ्यावर आहे अशातला भाग नाही.

कायद्याचं आधी उरकून घेतो. शब्द कुठलाही वापरा, दारात पालखी न थांबवणं म्हणजे वाळीत टाकणंच. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा आहे, जुलै २०१७पासून लागू आहे, आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्यासाठी सभा भरवणंही त्यात येतं. तुमच्यातले निम्मे नोकरीत आहेत, पोलीस ठाण्याच्या खेपा तुम्हाला परवडायच्या नाहीत. पण हा कायदा नसता तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

तुमची तळमळ खोटी नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या जिल्ह्यात आपण एप्रिलात टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसतो. जांभा खडक पाणी पितो आणि उतारावरून सोडून देतो, उरलेलं पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला जातं. दिवाळीनंतर धार बारीक झाली की पोती रचून ती अडवायची. तेवढ्यानं खालच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त पाणी राहतं. खताची, सिमेंटची रिकामी पोती, सुतळी, माती आणि हात, एवढंच लागतं. आपल्याकडे हात नाहीत, असं तुमचं म्हणणं.

गेल्या वर्षी एकशे बारा घरांतून सहा माणसं आली, असा आकडा तुम्ही इतिवृत्तात दिलाय. तो हजेरीच्या वहीतला आहे आणि ती वही मीच लिहिली. आता खरं सांगतो. त्या दिवशी पऱ्यात एकोणीस माणसं होती.

सहा वहीत आली. मग बचत गटाच्या सात बाया होत्या. बौद्धवाडीतले तीन मुलगे होते. मोहल्ल्यातला एक जण आला होता, तो जाळी विणतो; दाभणानं पोत्याचं तोंड शिवायला आमच्यातल्या कुणाला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात तो शिवतो. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळावरच्या, आंबाबागेचा नेपाळी राखणदार होता. आणि खालच्या वाडीतला साप पकडणारा पोरगा होता, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. या तेरा जणांना मी वहीत का घेतलं नाही? कारण वहीत रकाने छापलेले आहेत: घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, हजर, गैरहजर. बायांच्या घरातून 'माणूस' आला नव्हता, बाई आली होती. बौद्धवाडी आणि मोहल्ला गावकीच्या यादीत नाहीत. राखणदार कुठल्याच यादीत नाही. पोरग्याचा थोरला भाऊ आधीच आलेला, म्हणजे त्या घराचा एक झालाच होता. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही हे मुद्दाम नोंदवतो. चिटणीस म्हणून अकरा वर्षं अशाच वह्या लिहिल्या मी.

संध्याकाळी हातपाय धुताना गटातली एक वहिनी म्हणाली, "भाऊ, वहीत आमी नाय, मग पऱ्यात तरी कशाला?" मी हसण्यावारी नेलं. यंदा त्या येणार नाहीत. गटाच्या बैठकीत ठरलंय त्यांचं, परवाच कळलं.

म्हणजे तुमच्या ठरावानं जे आले नव्हते ते कदाचित धाकानं येतील, आणि जे आपणहून आले होते ते गेलेच.

'घरटी एक माणूस' ही मोठी गोष्ट आहे, तिची मी थट्टा करत नाही. वाडीत मर्तिक झालं की घरटी एक माणूस आणि एक लाकूड. निरोप धाडावा लागत नाही, रात्री दोन वाजता कंदील, बॅटऱ्या दिसायला लागतात. लावणीला सावड घालतात तेव्हाही तसंच. येणारा समाजसेवा करायला आलेला नसतो. तो त्या घराचा म्हणून आलेला असतो, आपलं घर तिथे दिसलं पाहिजे म्हणून. सरकारी फलकावर 'जागरूक नागरिकांनी सहभागी व्हावे' असं लिहितात, त्याला आपल्या गावात आजवर एकही माणूस गेलेला मी पाहिला नाही, कारण आपल्या गावात नागरिक कुणीच राहत नाही. इथे अमक्याचा मुलगा राहतो, तमक्या वाडीची सून राहते, कुणी खोताकडचा, कुणी गुरवाकडचा. हाक ज्या नावानं मारली त्या नावाचा माणूस ओ देतो.

पण हाकेत जे नावच नाही, त्याचं काय?

दंडाचा अनुभव तुमच्यातल्या कुणाला नाही, मला आहे. १९९४ साली मी चिटणीस असताना पाखाडी, म्हणजे वाडीतली दगडी पायवाट, साफ करायला न येणाऱ्या घराला पन्नास रुपये दंड लावला. टाळ्या पडल्या होत्या. पहिल्या वर्षी बरेच आले. दुसऱ्या वर्षी सकाळी साडेसातला लहान मुलं हातात पन्नासची नोट घेऊन रांगेत उभी, "बाबांनी दिलेत." न येणाऱ्याला पूर्वी तोंड चुकवावं लागायचं, आता त्याच्याकडे पावती होती. जमलेल्या पैशातून आम्ही लाउडस्पीकर घेतला. १९९८ साली दंड रद्द केला, तेव्हाही माणसं परत आली नाहीत. लाउडस्पीकरही आता चालत नाही.

आणि बंद घरांचं काय ठरवलंत? एकशे बारांतली एकसष्ट घरं कुलपात आहेत. ती तुमची आहेत. तुम्ही हजार रुपये फोनवरून टाकाल. शिमग्याला पालखी कुलूप लावलेल्या, दंड भरलेल्या दारात नाचेल, आणि शेजारी ज्या म्हातारीला त्या दिवशी ताप होता तिच्या अंगणावरून नुसती पुढे जाईल. ती ओटीचं ताट घेऊन उभी असेल. भोयांपैकी कुणाचे पाय तिथून पुढे उचलतील ते मला आधी कळवा.

तुमच्याबद्दल हे लिहिताना माझं मलाच लागतं, कारण चाळीस वर्षं मी तुमच्यातलाच होतो. परळच्या आपल्या खोलीत वडील राहिले, मग मी राहिलो. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी बावीस माणसं, बावीस ट्रंका आणि एक मोरी. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांचा पगार थांबला तो कायमचाच. त्या वर्षी खोलीचं भाडं ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्याकडे कुणी मागितलं नाही; बेस्टमध्ये, गोदीत, पालिकेत होते त्यांनी भरलं. कुणी ठराव केला नव्हता. आपल्या गावचा माणूस फुटपाथवर झोपला तर गावाचं नाव जातं, एवढंच कारण. गावापासून तीनशे किलोमीटरवर गाव जास्त घट्ट झालं होतं. (हेही लिहायला हवं की आपल्या गावच्या तेव्हा दोन खोल्या होत्या. दुसरी कोणत्या वाडीची आणि वेगळी का, हे जुन्यांना ठाऊक आहे. त्या खोलीत भाड्याचं काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही.)

मे २०२०मध्ये मी निवृत्त होऊन कायमचा गावी आलो, तर वेशीवर बांबू आडवा. मंडळाचा माजी चिटणीस, पण त्या दिवशी मी नुसता 'मुंबईवाला' होतो. शाळेत चौदा दिवस ठेवलं, आम्ही नऊ जण. तिसऱ्या दिवसापासून आम्ही शाळेच्या विहिरीचा गाळ काढायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, आम्ही गाळ काढत नव्हतो, आम्ही गावचेच आहोत हे बांबू लावणाऱ्यांना दाखवत होतो. विहीर छान झाली. पण त्या नऊ जणांपैकी कुणीही पुढे कधी श्रमदानाला आला नाही. मी येतो, पण वही लिहायला.

आता चिपळूणचं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात घुसलं. पाणी उतरल्यावर आपल्या गावातून दोन टेम्पो भरून पोरं तिकडे गेली, तीन दिवस दुकानांतला, घरांतला चिखल उपसला. हे मंडळानं केलं नाही, ग्रामपंचायतीनंही नाही. ती आपली क्रिकेटची टीम होती. टीममध्ये तिन्ही वाड्यांतले आहेत, बौद्धवाडीतले दोघं आहेत, विकेटकीपर मोहल्ल्यातला. सगळ्यांच्या अंगात स्पर्धेचे तेच पिवळे टी-शर्ट, पाठीवर गावाचं नाव. मी कप्तानाला विचारलं, चिपळूणला जाता, मग आपल्या पऱ्यात का येत नाही? तो म्हणाला, "काका, तिथे आमी टीम म्हणून गेलो. इथे आल्यावर तुम्ही विचारता, कुणाच्या घरातला?"

माझ्या भाचीची मुलगी मुंबईत मानसशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर तिनं एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्यांना बोलावलं, आधी त्यांच्या संघप्रेमाबद्दल लिहून घेतलं, मग एका इमारतीतून दुसरीकडे जायला सांगितलं. वाटेत एक जण धावता धावता पडतो, घोटा धरून कण्हतो. पडणारा अर्थात प्रयोग करणाऱ्यांचाच माणूस. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असला तर बहुतेक जण मदतीला थांबले. लिव्हरपूलचा, म्हणजे हाडवैऱ्यांचा शर्ट असला किंवा साधा शर्ट असला तर थांबणारे थोडे. मग दुसऱ्या खेपेला त्यांनी नवे चाहते बोलावले. हेही मँचेस्टरचेच, पण या वेळी संघाबद्दल न विचारता एकूणच फुटबॉलवेडे असण्याबद्दल लिहून घेतलं. आता लिव्हरपूलच्या शर्टवाल्यासाठीही बहुतेक थांबले. माणूस तोच पडला होता, रस्ता तोच. फक्त आपण कोण, हे थांबणाऱ्याच्या मनात वेगळं जागं केलं होतं.

मला त्यातली शेवटची गोष्ट टोचली. साध्या शर्टवाल्यासाठी दुसऱ्या खेपेलाही फारसं कुणी थांबलं नाही. कुंपण मागे सरकलं, पण होतं कुंपणच. आपला राखणदार त्या साध्या शर्टातला. चार वर्षं सड्यावर राहतो, सगळे त्याला 'बहादूर' म्हणतात, खरं नाव मलाही माहीत नव्हतं. तो आपणहून पऱ्यात उतरला, कारण सड्यावरचं पाणी आटलं की त्यालाही हंडा घेऊन खालीच यावं लागतं. एवढं साधं कारण घेऊन एक माणूस आला आणि आमच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

साप पकडणाऱ्या पोरग्याचं वेगळं. रात्री-अपरात्री फोन आला की तो जातो. ज्या घराशी त्याच्या घराचं बोलणं नाही, बांधावरून कोर्टात केस चालू आहे, त्या घरीसुद्धा गेला होता, घोणस होती. गाव त्याला सर्पमित्र म्हणतं, आता तोही स्वतःला तेच म्हणतो. बंधाऱ्याला मात्र कधी यायचा नाही. "ते माझं काम नाय काका." गेल्या वर्षी मी त्याला श्रमदानाला बोलावलंच नाही. म्हटलं, पऱ्यातले धोंडे हलवायचेत, खाली काय असेल सांगता येत नाही, तू नुसता बघायला ये. आला. पहिल्या तासात दोन दिवड निघाले, विषारी काहीच नाही. मग कंटाळला आणि दुपारपर्यंत सगळ्यांत जास्त पोती त्यानं उचलली. यात धोकाही आहे, नाही असं नाही. एकाला 'मित्र' ठरवलं की बाकीचे हात झटकतात. तो आहे ना, त्याला फोन लाव. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला बघा. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी ती अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे उकरून नेत. पुढे गावातलीच माणसं कासवमित्र झाली, २००६पासून कासव महोत्सव भरतो, घरोघरी पाहुणे उतरतात. पहाटे उठून वाळू तुडवत जाणं हे आता तिथल्या काही माणसांच्या ओळखीतच मुरलंय. सुट्टी घेतली तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटत असेल. हे दंडानं होत नाही.

सभेत कुणी तरी म्हणालं, पालखीला खांदा द्यायला दीडशे जण भांडतात, तोच खांदा पोत्याला का लागत नाही? टाळी घेणारं वाक्य होतं. पण उत्तर तिथेच आहे. पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या चौथऱ्यावरून, उठली की कुठल्या टप्प्याला कुणाचा खांदा, कुणाचा मान, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. प्रत्येकाला माहीत असतं की या वळणावर आपण नसलो तर सगळ्यांना दिसेल. आणि मानपानावरून वर्षानुवर्षं पालख्या अडून राहिलेल्याही आपण पाहिल्यात, तेव्हा तो मान नुसताच गोड नाही. बंधाऱ्यावर कुणाचंच वळण नाही. तुम्ही मुंबईहून पैसे पाठवता त्याची संगमरवरी पाटी देवळात लागते, पाच हजारांपासून पुढे. गेल्या वीस वर्षांत ज्यानं एकही बंधारा चुकवला नाही त्याचं नाव कुठे आहे? तो वरच्या वाडीचा आहे, त्याच्या विहिरीला या बंधाऱ्याचा थेंबभर उपयोग नाही. का येतो विचारलं तर म्हणतो, बाबा यायचे.

तेव्हा माझी मागणी सरळ आहे. ठराव चार मागे घ्या, आणि मागे घेतल्याचं ग्रुपवर लिहा, नुसतं गप्प बसू नका. वही मी बदलतोय. रकाने काढून टाकलेत. जो पऱ्यात उतरेल तो आपल्या हातानं आपलं नाव लिहील, लिहिता येत नसेल तर अंगठा. बंधारे तीन करायचे आणि तीन संघांना द्यायचे, क्रिकेटला पाडतो तसे संघ पाडून. वाडीवार नको, वाडीवार केलं की पुन्हा कोण कुणाच्या वरच्या अंगाला यावरून सुरू होईल. बचत गटाशी बोलायला मी उद्या जातोय. माफी मागायची म्हणजे काय ते मला नीटसं जमत नाही, पण जुनी वही सोबत नेतो आणि त्यांच्यासमोर ती एकोणीस नावं लिहून काढतो. राखणदाराचं नाव विचारून घेतलंय.

तुमच्यासाठी तारीख डिसेंबरातला नाताळच्या सुट्टीतला रविवार धरली आहे. तोवर धार आणखी बारीक होईल हे कबूल, पण तुम्ही येणार असाल तर पंधरा दिवस थांबू. पैसे पाठवू नका. खरंच नको आहेत. पाच जण आलात तरी तुमच्या संघाला खालचा बंधारा देतो, तो सोपा आहे, कमरेइतक्या पाण्यात उतरावं लागत नाही. आणि येताना शक्य असेल तर दादर-परळकडच्या धान्य दुकानांतून रिकामी पोती बघा. गेल्या वर्षीची ग्रामपंचायतीच्या खोलीत रचून ठेवली होती, त्यातली निम्मी उंदरांनी खाल्ली आहेत.

आपला,
मंडळाचा एक माजी चिटणीस,
हल्ली मुक्काम मधली वाडी